लातूरच्या एका डब्याविषयी: जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचे दहा महिने

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिचे वैद्यकीय नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी असे आहे. या शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळाच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी मागे ठेवतात. जो भाग निघून जातो त्यात भुकेची जाणीव वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने खरोखरच भूक लागत नाही. त्या दिवशी माझे वजन ११८ किलो होते आणि आज ते ८४ किलो आहे. शल्यचिकित्सकांनी त्यांचे काम उत्तम केले, परंतु हे परीक्षण त्यांच्या कामाचे नाही. रुग्णालयातून घरी परतल्यावर रोजच्या वाटीत काय आणि किती असावे, हा प्रश्न ज्या डब्याने माझ्यासाठी सोडवला, त्या लातूरमधील डब्याच्या सेवेचे हे परीक्षण आहे.

ही सेवा एक काकू त्यांच्या राहत्या घरातून चालवतात. तीस डब्यांच्या वर त्या जात नाहीत आणि जाहिरात नको असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे, म्हणून त्यांचे नाव किंवा पत्ता येथे देत नाही. त्यांच्या थोरल्या मुलीची काही वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठीच जठराची बायपास पद्धतीची शस्त्रक्रिया झाली होती. तिच्यासाठी स्वयंपाक करता करता त्या हे सगळे शिकल्या आणि पुढे शहरातील एका आहारतज्ज्ञ ताईंकडून दर महिन्याचे पदार्थ तपासून घेऊ लागल्या. दोन वेळच्या डब्याचे महिन्याला ४,२०० रुपये पडतात आणि एका वेळेचे २,४००.

मी औसा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी घर सोडते ती संध्याकाळी परतते. घरी सासूबाई प्रेमाने स्वयंपाक करतात, मात्र त्यांच्या हाताला आठ माणसांचे माप आहे. रुग्णालयातून निघताना मला आहाराचा जो छापील कागद मिळाला होता त्यावर ब्रोकोलीचे सूप, ग्रीक योगर्ट, किन्वा, ॲव्होकॅडो असे पदार्थ होते. कागद चुकीचा नव्हता, परंतु तो आमच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेला नव्हता. ब्रोकोलीच्या जागी काय घ्यायचे आणि किन्वाऐवजी ज्वारी चालेल का, असे विचारायला मी फोन केला तेव्हा पलीकडून तोच कागद मला पुन्हा वाचून दाखवण्यात आला.

काकूंच्या डब्याचे पहिले आणि सर्वांत मोठे मोल मला येथे जाणवले. कागदावरील प्रत्येक टप्पा त्यांनी मराठवाड्याच्या जेवणात बसवला होता. पहिल्या दोन आठवड्यांत केवळ पातळ पदार्थ घ्यायचे असतात. तेव्हा डब्यात गाळलेले मुगाचे कढण, तुरीच्या वरणावरचे पाणी आणि लोणी काढलेले पातळ ताक असायचे. त्यानंतरच्या गुळगुळीत वाटलेल्या अन्नाच्या टप्प्यात घोटून गाळलेले वरण, तिखट न घातलेले सैल पिठले आणि साखरेविना चक्का आला. मऊ अन्नाचा टप्पा सुरू झाला तेव्हा ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून आल्या, मुगाचे मऊ धिरडे आले आणि मला चालत असल्यामुळे अंड्याची ओलसर भुर्जीही आली. यातील एकही पदार्थ माझ्या घरी परका नव्हता. सासूबाईंनी झाकण उघडून कण्यांचा वास घेतला आणि म्हणाल्या, ‘अगं, हे तर मी पण करू शकते की.’ त्या दिवसापासून घरातील माझ्या आहाराविषयीची धास्ती निम्मी झाली.

डबा दिसायला साधा आहे. तीन पुडांचा लहान स्टीलचा डबा, प्रत्येक पुडात नव्वद मिलिलिटरची वाटी आणि झाकणावर चिकटवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, वजन आणि खाण्याचा क्रम लिहिलेला असतो. पहिल्या वाटीत नेहमी प्रथिनांचा पदार्थ असतो, दुसरीत भाजी आणि तिसरीत भाकरी, भात किंवा कण्या. पोट पहिल्या दोन वाट्यांतच भरले तर तिसरी तशीच ठेवायची असते. हा क्रम काकूंच्या मनाचा नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात आणि जागा इतकी थोडी असते की भाताने ती अडवली तर प्रथिनांना वावच उरत नाही. डब्यासोबत चहाचा चमचा येतो, मोठा येत नाही. मी सुरुवातीला घरचा मोठा चमचा वापरत होते. ते कळल्यावर काकू म्हणाल्या, ‘बाई, वाटी रिकामी करायची नाही, पोटाचं ऐकायचं. मोठा चमचा पोटाला बोलूच देत नाही.’

त्यांचे हे म्हणणे मला नोव्हेंबरमध्ये पटले. दिवाळीत सेवा आठ दिवस बंद होती. मी तेव्हा घट्ट अन्नावर नुकतीच आले होते. भाऊबीजेला माहेरी सगळ्यांबरोबर पंगतीला बसले, भाकरीचा नेहमीच्या सवयीने मोठा तुकडा मोडला आणि वांग्याच्या रश्श्यात बुडवून बोलता बोलता गिळला. घास छातीच्या हाडामागे जाऊन बसला. तो वर येईना आणि खालीही जाईना. तोंडात लाळ दाटून येत होती, पाणी प्यावे तर तेही घासावर साचून राहत होते आणि आई पाठीवरून हात फिरवत रडकुंडीला आली होती. वीस-पंचवीस मिनिटांनी तो घास उलटून पडला. जिला हा अनुभव आलेला नाही तिला बारीक चावण्याचा सल्ला शाळेतील सुविचारासारखा वाटतो. मलाही तोवर तसाच वाटत होता. त्यानंतर मी हरभऱ्याच्या दाण्याएवढा घास घेऊ लागले आणि जेवणाला पुरता अर्धा तास देऊ लागले.

सणाच्या आठ दिवसांत सेवा बंद ठेवणे ही माझी या सेवेबद्दलची पहिली तक्रार आहे. काकूंनाही सण आहे आणि त्यांच्या घरच्यांनाही त्या हव्या असतात, हे मी जाणते. परंतु आमच्यासारख्या रुग्णांना वर्षातील सर्वांत अवघड दिवस हेच असतात. निदान आठवड्याचे कोरडे सामान आणि कृतीचा कागद आधी देऊन ठेवला असता तर मला बरे पडले असते. मी तसे सुचवले आणि होळीच्या वेळी त्यांनी ते अमलातही आणले. भाजलेले गहू आणि डाळवे दळून केलेले जिऱ्याचे सातूचे पीठ त्यांनी दिले. ते गूळ न घालता ताकात कालवून घ्यायचे होते.

दुसरी तक्रार गंभीर होती आणि ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. चिठ्ठीवर प्रथिनांचा आकडाही लिहिलेला असतो. संध्याकाळच्या दीडशे ग्रॅम मुगाच्या खिचडीवर ‘प्रथिने १८ ग्रॅम’ असे लिहिलेले पाहून मला शंका आली. मी गणित शिकवते, त्यामुळे आकडा दिसला की तो पडताळून पाहण्याची सवय आहे. काकूंना विचारले तेव्हा एका डब्यामागे तीस ग्रॅम डाळ आणि पंधरा ग्रॅम तांदूळ पडतात असे कळले. शंभर ग्रॅम कच्च्या मूगडाळीत सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तीस ग्रॅममध्ये सात. तांदळाचे एक ग्रॅम धरले तरी बेरीज आठच्या आसपास येते. घोळ असा झाला होता की कच्च्या डाळीचा आकडा शिजलेल्या अन्नाच्या वजनाला लावला जात होता. डाळ शिजताना पाणी पिऊन दुप्पट-तिप्पट होते, तिचे वजन वाढते आणि प्रथिने मात्र होती तेवढीच राहतात. या हिशेबाने माझे दिवसाचे सत्तर ग्रॅम प्रत्यक्षात पंचेचाळीसही भरत नव्हते.

मी वही घेऊन काकूंच्या घरी गेले. मनात थोडा राग होता हे मान्य करते, कारण डिसेंबर चालू होता आणि रोज सकाळी कंगव्यात केसांचा गुंता निघत होता. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणे सामान्य आहे, शरीरावर पडलेल्या ताणामुळे आणि झपाट्याने घटलेल्या वजनामुळे ते होते आणि बहुतेकांचे पुन्हा उगवतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते; तरी प्रथिने कमी पडली तर ते गळणे वाढते हेही त्यांनीच सांगितले होते. काकूंनी वही शांतपणे पाहिली, आहारतज्ज्ञ ताईंना तेथेच फोन लावला आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या बदलल्या. केवळ आकडा दुरुस्त करून त्या थांबल्या नाहीत. चाळीस ग्रॅम पनीर रोजचे झाले, त्यातून सातेक ग्रॅम प्रथिने मिळतात. लातूर हा सोयाबीनचा मुलूख असूनही आमच्या घरी सोयाबीन केवळ विकायला पिकते, खायला नाही. काकू सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक वाटून पिठल्यात मिसळू लागल्या. या वड्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्मी प्रथिनेच असतात, त्यामुळे पंधरा ग्रॅम वड्यांनी सात-आठ ग्रॅमची भर पडते. तरीही जी तूट राहिली ती आहारतज्ज्ञ ताईंच्या सांगण्यावरून मी प्रथिनांच्या पावडरीने भरून काढली. चूक दाखवल्यावर ती त्याच दिवशी मान्य करणारी सेवा मी क्वचितच पाहिली आहे, म्हणून हा प्रसंग मी दोष आणि गुण अशा दोन्ही बाजूंना मांडते.

त्याच महिन्यात वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. इतरांसाठी एवढेच लिहिते की त्या दिवशी आमची गावे ओस पडतात, सगळे शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि भज्जी (शेंगांचे दाणे आणि पालेभाज्यांची घोटलेली भाजी), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), आंबील अशा जेवणासाठी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना बोलावले जाते. त्या दिवशी आग्रह मोडणे हा जवळजवळ अपमान असतो. मी शेतात जाणार नाही असे आधी ठरवले होते. आदल्या संध्याकाळी काकूंचा डबा आला त्यावर लिहिले होते: ‘उद्या शेतात जा. डबा सोबत न्या.’ सकाळच्या डब्याच्या पहिल्या वाटीत पनीर घालून घोटलेली भज्जी होती, तिच्यातील वाल, तूर आणि हरभऱ्याची साले काढलेली होती. दुसऱ्या वाटीत लसणाची आंबील होती आणि तिसऱ्या वाटीत सुपारीएवढे तीन उंडे वाफवून ठेवलेले होते. ज्वारीच्या कडब्यावर बसून, सगळ्यांच्या ताटांशेजारी माझी वाटी ठेवून, मी सगळ्यांचेच जेवण जेवले. कोणी आग्रह केला नाही, कारण माझ्या वाटीतही तेच होते. दहा महिन्यांत सर्वांत मोलाचा डबा कोणता असे कोणी मला विचारले तर मी हाच सांगेन.

गोडाच्या बाबतीत काकू कठोर आहेत आणि ते योग्य आहे. एका वास्तुशांतीला मी अर्धी पुरणपोळी खाल्ली होती. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, घाम फुटला, पोटात कळा आल्या आणि यजमानांच्या घरी आडवे व्हावे लागले. जास्त साखर आतड्यात वेगाने उतरली की असे होते, त्याला डंपिंग म्हणतात. बायपास झालेल्यांना ते अधिक होते, परंतु माझ्यासारख्यांनाही होऊ शकते. होळीच्या डब्यात पुरण नव्हते, वाटलेली हरभऱ्याची डाळ जिऱ्याच्या फोडणीची होती आणि शेजारी पातळ येळवणी, म्हणजे डाळीच्या पाण्याची आमटी, होती. सणाची चव राहिली आणि त्रास झाला नाही.

तिखटाचे मात्र काकूंना अजूनही भान राहत नाही. त्यांचा हात लातूरचा आहे आणि येसर (भाजलेली धान्ये आणि मसाले दळून केलेले पीठ) घातलेली आमटी दोनदा इतकी झणझणीत आली की मला ती परत करावी लागली. पोचवण्याची वेळही पावसाळ्यात आणि बाजाराच्या दिवशी पाऊण तास इकडेतिकडे होते. मेथीचे आणि शेपूचे देठ काही वेळा पुरेसे बारीक चिरलेले नसतात, आणि देठाचे तंतू अडकतात हे त्यांना ठाऊक आहे. मांसाहार ही सेवा देत नाही; अंडे सांगितले तर मिळते.

उन्हाळ्याविषयी थोडे. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो आणि शस्त्रक्रियेनंतर पाणी गटागटा पिता येत नाही. जेवताना प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यायचे नाही आणि तरी दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात गेले पाहिजे. हे गणित शाळेच्या तासांत बसवणे मला सर्वांत जड गेले. काकूंनी एप्रिलपासून डब्याबरोबर लिटरची बाटली द्यायला सुरुवात केली, तिच्यावर रंगाच्या आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेसमोर तास लिहिलेला: नऊ, दहा, अकरा. प्रत्येक तासिकेच्या घंटेला दोन घोट असा नेम मी धरला. चौथीतील मुली आता घंटा झाली की बाटलीकडे बोट दाखवतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी मी याच शहरात रांगेत उभी राहिलेली आहे, त्यामुळे पाणी मोजून पिण्याचा शब्द मला नवा नव्हता. त्याचा हा अर्थ नवा होता.

डबा काय देऊ शकत नाही हेही स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण माझी तेथे मोठी चूक झाली. जेवण इतके नीट चालले आहे म्हटल्यावर मी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांत हयगय केली. रुग्णालयाकडून तीन महिने फोन येत होते, नंतर ते थांबले आणि मीही विचारले नाही. फेब्रुवारीत हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, वर्गात उभे राहिले की गरगरायचे. लातूरमध्येच रक्त तपासले तेव्हा बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही बरेच खाली निघाले. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातील आम्ल आणि जठराच्या अस्तरात तयार होणारा एक घटक लागतो आणि माझे जठरच थोडे उरले आहे, त्यात मी अंडे सोडले तर शाकाहारी. कोणत्याही डब्याने ही तूट भरून निघाली नसती. इंजेक्शने घ्यावी लागली. आता गोळ्यांचे वेळापत्रक मी डब्याच्या चिठ्ठीच्या मागेच लिहून ठेवते. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेत नाही, मध्ये दोन तास सोडते, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेत नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा नाकारणे सोपे नसते, परंतु कारण सांगितले की लोक समजून घेतात. रक्ताची तपासणी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी आयुष्यभर करायची आहे. काकूंना मी विनंती केली की डबा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘गोळ्या चालू आहेत का, तपासणी कधी आहे’ एवढे विचारावे. औषध सांगणे त्यांचे काम नाही, परंतु प्रश्न विचारणे त्यांना जमण्यासारखे आहे. त्या आता विचारतात.

ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, ज्यांच्या घरी मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक आहे आणि ज्यांना दिवसभर बाहेर राहावे लागते, त्यांनी पहिले सहा महिने ही सेवा अवश्य घ्यावी, असे माझे मत आहे. ज्यांना सतत उलट्या होत आहेत त्यांनी मात्र डबा बदलून पाहण्यात दिवस घालवू नयेत, तडक डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी बी-१ जीवनसत्त्व वेगाने घटते आणि त्याचा परिणाम मज्जातंतूंवर आणि मेंदूवर होतो.

या महिन्यापासून मी संध्याकाळचा डबा बंद केला आहे. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून छोटा वजनकाटा आणि नव्वद मिलिलिटरच्या सहा वाट्या आणल्या आहेत. सासूबाई डाळ आता कच्ची असतानाच तोलतात आणि तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा चतकोर माझ्यासाठी वेगळा काढून ठेवतात. सकाळचा डबा मात्र चालूच आहे.